मे महिन्यात बुजवलेली भेग

घर विकायला काढलं त्याच आठवड्यात पुण्याहून लेकीनं मला एक व्हिडिओ पाठवला. घर विकण्याआधी कमी खर्चात काय काय करावं, असा. त्यातल्या बाईचं घर एवढं रिकामं होतं की तिथं कोणी जेवतं-झोपतं तरी का, हाच प्रश्न मला पडला. सामान कमी करा, दारात दोन कुंड्या ठेवा, पांढरे पडदे लावा, भिंतीच्या भेगा भरा, ताजा रंग द्या, आणि गिऱ्हाईक येईल त्या दिवशी घरात छान वास येऊ द्या. मी येडी, चष्मा लावून दोनदा पाहिला आणि सगळं एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं. आज वाटतं, तेवढ्या वेळात दोन किलो शेवया झाल्या असत्या.

पण मला घाई होती. आमचं घर गंगाखेडला. तीन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी आणि बोअर. आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते, तिथल्या पगारातून एकेक खोली वाढवत बांधलेलं. निवृत्त झाले आणि चार-पाच वर्षांत किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून मंगळवार आणि शनिवार परभणी. सकाळची गाडी गाठायची, स्टेशनावरून रिक्षा, चार तास डायलिसिसच्या मशीनवर, आणि मिळेल त्या एसटीनं परत. येताना हे खिडकीच्या गजाला डोकं टेकवून असे बसायचे की माझा हात सारखा त्यांच्या मनगटावर जायचा. बघायची, चालू आहे ना. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मशीननं हा माणूस टिकेल, प्रवासानं नाही टिकायचा. घर इकडं हलवा.

दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या विकायला होत्या. चालत पाच मिनिटं, ह्यांच्या चालीनं दहा. मालक भला माणूस. म्हणाला, आषाढ लागेपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, पुढं मला थांबता येणार नाही. आमच्याकडं आषाढात तसाही कोणी सौद्याचा बयाना देत नाही की घेत नाही. म्हणजे माझ्या हातात काय तो उन्हाळा होता. तेवढ्यात गंगाखेडचं घर गेलं तर परभणीचं येणार, नाहीतर पुन्हा सगळा पावसाळा ती खिडकी, तो गज आणि ते डोकं.

तर सुरुवात सामानापासून केली. सामान म्हणजे ह्यांचं. माझं काय, चार भांडी आणि एक शिलाई मशीन. ह्यांचे मात्र डबे. दुधाच्या पावडरीचे, रंगाचे, बिस्किटांचे, एकूण एक डबा नट-बोल्ट, वायसर, तुटक्या कड्या आणि कशाकशाच्या स्प्रिंगांनी गच्च भरलेला. मी एक डबा भंगारात टाकायला बाहेर काढला की हे खाटेवरून उठायचे, तो उघडायचे आणि आत काय आहे ते मला दाखवायला बसायचे. एका दुपारी एका बिजागरीची गोष्ट सांगण्यात ह्यांनी दीड तास घालवला. शेवटी सगळे डबे मी शेजारणीच्या माडीवर नेऊन ठेवले आणि भंगारवाला घेऊन गेला असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी शेजारणीला हाक मारून विचारलं, की माझे डबे ओलीत तर ठेवले नाहीत ना.

डब्यांपेक्षा मोठा वैताग चिठ्ठ्यांचा. कारखान्यात एक पाळी सुटताना फिटर वहीत लिहून ठेवायचा, पुढच्या पाळीसाठी. अमुक पंप गरम होतोय, तमुक व्हॉल्व्ह हळू फिरवणे. ती सवय हे घरी घेऊन आले. मिक्सरवर चिठ्ठी: दोन मिनिटांच्या वर चालवू नये. बोअरच्या बटणाशेजारी: आधी व्हॉल्व्ह उघडणे. मोरीच्या दारावर, गॅसच्या टाकीवर, देवघराच्या लाइटवर. नवऱ्यानं बायकोला दोन शब्द प्रेमाचे लिहावेत, ते राहिलं. मला आयुष्यभर सूचना आल्या. व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं होतं की घरात तुमचं काही दिसू देऊ नका, म्हणून मी ब्लेड घेऊन सगळ्या चिठ्ठ्या खरवडल्या. लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग नळ आणि फरश्या. आमच्या बोअरचं पाणी एवढं जड, की तोटीवर क्षाराची पांढरी दाढी उगवते. लिंबाच्या साली घासल्या, चिंच घासली, शेवटी फरशीवर ॲसिड टाकलं आणि खोकून खोकून जीव गेला. कुंड्या विकत कशाला घ्यायच्या, म्हणून तेलाचे दोन डबे रंगवून त्यात कोरफड लावली. पांढरे पडदे जुन्या धोतरांचे शिवले. लेकीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, आई, छान दिसतंय, पण ते धोतर आहे हे कळतंय. मी म्हटलं, कळू दे, धुतलेलं आहे.

आता राहिला रंग. पेंटर येऊन गेला, भिंतींवर हात फिरवला आणि एवढा मोठा हिशेब सांगितला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. कळीचा चुना आणला. मागच्या अंगणात टिपाडात भिजवला, फडफड उकळला, गाळला, त्यात डिंक आणि नीळ घातली. हाताला खोबरेल चोपडलं, डोक्याला फडकं बांधलं आणि कुंचा घेऊन उभी राहिले. वय वर्षं बासष्ट. चुना पुरेना म्हणून पाणी घालत गेले. एका टिपाडात तीन खोल्या काढायच्या होत्या, काढल्या. डोळ्यात उडालेला चुना काय असतो, ते त्या पडद्यावाल्या बाईला विचारायला पाहिजे.

आणि मधल्या खोलीत ती भेग.

भेग काय, आमच्याकडं कोणाच्या घराला नाही? खाली काळी माती. उन्हाळ्यात ती आटते, भिंतीला ओढते आणि भेग उघडते. पाऊस पडला की माती फुगते आणि भेग मिटते. आमच्याकडची शेंबडी पोरंसुद्धा हे जाणतात. आमची भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी खाली जमिनीपर्यंत गेलेली. घर बांधलं त्याच्या दुसऱ्या वर्षीपासून हे दर मे महिन्यात आणि पाऊस सरता सरता तिच्यापुढं उभे राहायचे, स्टीलची पट्टी लावायचे आणि कानावरची पेन्सिल काढून शेजारी भिंतीवर आकडा लिहायचे. दिवाळीला रंग द्यायची वेळ आली की पेपरच्या पानाएवढा तुकडा सोडून द्यायचा, त्यावर कॅलेंडर टांगायचं. वीस-बावीस दिवाळ्या मी भांडले. म्हटलं, सोन्यासारख्या भिंतीवर हे ठिगळ कामून? कोण वाचणार आहे हे? हे म्हणायचे, लिहून ठेवलेलं बरं असतं. कोणासाठी बरं असतं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

शनिवारी मशीन झालं की रविवारी हे दिवसभर पुढच्या खोलीत डोळे मिटून पडलेले असतात. तोच रविवार मी धरला. कॅलेंडर काढलं. त्याच्याखाली धान्याची पत्र्याची कोठी होती, ती ओढून बाजूला केली. कोठीमागंही खाली काहीतरी खरडलेलं होतं, ते मी वाचलंही नाही, माझे डोळे चुन्यानं लाल झालेले. भेगेत पांढरं सिमेंट आणि पुट्टी ठासली, वरून कागदानं घासली आणि आकड्यांसकट सगळ्यावर कुंचा फिरवला. बावीस वर्षांचं भांडण मी पाच मिनिटांत जिंकले.

संध्याकाळी हे चहाला आत आले. भिंतीपुढं थांबले. भेगेच्या जागेवर वरून खाली बोट फिरवलं.

“बुजवलीस?” म्हणाले.

मी म्हटलं, हो बुजवली. हे म्हणाले, मे महिन्यात? पावसाळ्यात मिटायला तिला जागा नको का? आणि मग माझी टकळी सुरू झाली. बाईमाणसानं एकटीनं तीन खोल्या काढल्या त्याचं कौतुक नाही, गिऱ्हाइकाला काय फाटकी भिंत दाखवू, घर काय तुमच्या पट्टीवर विकलं जाणार आहे, असं जे तोंडाला येईल ते. हे ऐकत राहिले आणि चहा पिऊन परत जाऊन पडले. तेवढ्यानं माझा राग आणखी वाढला. भांडायला समोर माणूस तरी पाहिजे.

पहिलं गिऱ्हाईक बी-बियाण्याचा दुकानदार, बायकोसकट. छान वासाची सूचना माझ्या ध्यानात होती. आमच्या घराला वास मिरच्यांच्या फोडणीचा, म्हणून मी सकाळीच लोबान जाळला. जरा जास्त झाला. दुकानदाराची बायको दारातच शिंकायला लागली ती जाईपर्यंत शिंकत होती. त्यानं मात्र घर नीट पाहिलं. भिंतीवर तळहात टेकवला, पांढरा झालेला हात उलटसुलट पाहिला आणि विचारलं, चुना नवाच दिला का? म्हटलं, हो. कामून, असं त्यानं विचारलं. आता ह्या कामूनला काय उत्तर द्यावं? मग तो टिचक्या मारत मारत बरोबर बुजवलेल्या जागेवर आला. तिथं थांबला, बायकोकडं पाहिलं आणि दोघं चहा न घेता गेले. आमच्याकडं चहा न घेता गेलेलं माणूस परत येत नसतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुण्यात नवा रंग म्हणजे नवा रंग असेल. इथं विकायच्या आधी दिलेला रंग म्हणजे आत काहीतरी झाकलंय. मी आठ दिवस राबून, हात सोलवटून घेऊन, आमचं धडधाकट घर चोरासारखं करून ठेवलं होतं. लेकीला फोन करून मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ती बिचारी रडली, मग मी रडले, मग तिनंच मला विचारलं, की बाबा जेवले का.

दुसरं गिऱ्हाईक यायला आणखी दहा दिवस गेले. आषाढ तीन आठवड्यांवर आलेला. गावात बदलून आलेल्या एक शिक्षिका होत्या, शांत, जास्त न बोलणाऱ्या. त्यांना खोल्या आवडल्या, बोअर आवडलं, कोरफडीचे डबेसुद्धा आवडले. पण त्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बरोबर घेऊन आल्या होत्या. डोक्याला रुमाल, खिशात ओळंबा. त्यानं चारी कोपऱ्यांत ओळंबा सोडून पाहिला, भिंती सरळ होत्या. मग आला मधल्या खोलीत. हे तिथंच खाटेवर बसलेले. मिस्त्रीनं भेगेच्या जागेवर अंगठ्याचं नख ओढलं आणि विचारलं, कधी भरली ही? मी खरं तेच सांगितलं, दोन-तीन आठवडे झाले.

तो शिक्षिकेकडं वळला. आवाज अजिबात चढवला नाही. “ही दरसाल उघडून मिटती का दरसाल वाढती, ते आता कळायचं न्हाई बाई. पाऊस होऊ द्या. दिवाळीत बगू.”

त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. वाढणारी भेग म्हणजे पाया खचतोय, आणि तसं घर कोणी शहाण्यानं घेऊ नये. शिक्षिकांनीही मान हलवली, म्हणाल्या, आम्हाला काही घाई नाही. घाई मला होती. मी दाराची चौकट धरली. दिवाळीपर्यंत किती मंगळवार आणि किती शनिवार, ते मी मनात मोजायला लागले आणि मोजता मोजता थांबले. माझ्याच हातानं मी हे केलं होतं, सिमेंट लावून.

“मी लिहून ठेवलंय,” हे खाटेवरून म्हणाले.

मिस्त्रीनं विचारलं, कुठं? ह्यांनी हनुवटीनं भिंत दाखवली, म्हणाले, तिथंच, चुन्याखाली. मिस्त्रीनं भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. विचारलं, चुनाच हाय ना, डिस्टेंपर न्हाई? म्हटलं, चुनाच. पातळ का घट्ट? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका टिपाडात तीन खोल्या काढल्या, म्हणून सांगितलं. म्हातारा पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, वलं फडकं आणा.

फडकं मीच आणलं आणि मीच दाबलं. पातळ चुना ओला झाला की आरपार दिसतो आणि वाळला की परत पांढरा होतो. आठ दिवस मी कुंचा घेऊन तेच तर पाहत होते, पण तेव्हा डोकं ठिकाणावर कुठं होतं. फडक्याखालून आकडे वर यायला लागले. ‘मे, दोन सूत. सप्टेंबर, बंद.’ सूत हे फिटर-मिस्त्री लोकांचं माप. दोन सूत म्हणजे पाव इंचाची फट. त्याखाली पुढचं वर्ष. ‘मे, दोन सूत. सप्टेंबर, बंद.’ ह्यांच्या उभ्या उंचीवर, ओळीखाली ओळ. पाऊस कमी झाला त्या वर्षी अडीच सूत, आणि कंसात ‘पाऊस कमी’. पुढच्या सप्टेंबरला परत बंद. मिस्त्री बोट ठेवून प्रत्येक वर्ष वाचत गेला, घाई न करता, मध्ये एकदा चष्मा पुसून. शिक्षिका त्याच्या खांद्यावरून वाचत होत्या.

शेवटी तो म्हणाला, “वाढली न्हाई. वीस सालं तेवढीच. भिंत खरी हाय, बिनघोर घ्या.”

शिक्षिका ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, की असं घर कोणी जपलेलं त्यांनी पाहिलं नाही, आणि गुरुवारी बयाना घेऊन येते. मला हसावं का ओरडावं ते कळेना. मी उगाच फडकं दाबत राहिले. पाणी ओघळून खाली गेलं होतं, जिथं आधी कोठी असायची तिथं. तिथंही अक्षरं उमटली होती. गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाकडी, खाली उतरत गेलेली. मी वाकून पाहिलं. मागच्या दोन वर्षांची नोंद होती. मशीन सुरू झाल्यापासूनची. ह्यांना पट्टी धरून उभं राहवत नव्हतं, म्हणून जमिनीवर बसून लिहिलेली. मी दिवसभर ह्याच घरात असते. हे कधी खाली बसले, पुन्हा उठले कसे, मला पत्ता नाही.

शेवटच्या ‘बंद’च्या खाली आणखी दोन ओळी होत्या. मिस्त्रीही वाकला आणि त्यानं त्या मोठ्यानं वाचल्या. “पुढच्या पाळीस सूचना. भेग मे महिन्यात भरू नये. पाऊस संपला की नुसता चुना मारणे.”

मग त्यानं सहजच, कारागिराला कारागीर विचारतो तसं विचारलं, “पुढली पाळी कोणाची?”

“हिची,” हे म्हणाले.

मागच्या सप्टेंबरात घर विकायचं आमच्या मनातसुद्धा नव्हतं. म्हणजे ह्यांनी हिशेब केला होता, की पुढं कधीतरी एखाद्या मे महिन्यात मी ह्या घरात एकटी असणार, भेग उघडणार, आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणं सिमेंट घेऊन धावणार. बावीस वर्षं मी विचारत होते, कोणासाठी लिहिता. आणि मला आधी आला तो रागच.

मी म्हटलं, “मी कोणाची पाळीबिळी घेणार न्हाई. तुमची पाळी तुमीच करायची. आणि मंगळवारच्या गाडीला स्वेटर घालून बसायचं, परत सांगणार न्हाई.” उन्हाळ्यात स्वेटर काय, असं कोणीच विचारलं नाही. शिक्षिका मिस्त्रीला घेऊन मागचं बोअर पाहायला गेल्या.

भिंत वाळायला लागली. वरचे आकडे आधी गेले, मग खालची ओळ पुसट व्हायला लागली. मी बादली जवळ ओढली, खाली बसले, ते बसले असतील तसं, आणि फडकं परत भिजवलं.